उंबरठ्याबाहेर गेलेलं विरजण

मी एक जुनं विरजण आहे, मित्रांनो. नाकं मुरडू नका! वास आंबट आहे, मान्य. स्वभावही थोडा आंबटच आहे, तेही मान्य. पण एकशे दहा वर्षं रोज ताज्या दुधात न्हाणाऱ्याशी जरा अदबीनं वागावं, नाही का?

माझा मुक्काम काशीत, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत, रत्नाकर गुरुजींच्या स्वयंपाकघरात. खिडकीखालच्या फळीवर चिनी मातीचा एक पांढरा सट आहे, त्यात मी असतो. 'मी' म्हणतो खरं, पण आम्ही कोट्यवधी आहोत. चमचाभर दह्यात एवढे जिवाणू, आणि प्रत्येक जिवाणू म्हणजे एकच एक जिवंत पेशी. सगळे एकदम बोलायला लागलो तर तुम्ही कानांत बोटं घालाल, म्हणून सगळ्यांच्या वतीनं मीच बोलतो. आमच्यात बडबड्या मीच आहे.

माझं मूळ गाव वाई. गुरुजींची पणजी अंबिकाबाई लग्न होऊन काशीला निघाली, तेव्हा तिच्या आईनं एक स्वच्छ पांढरं फडकं घट्ट दह्यात बुडवलं, सावलीत वाळवलं आणि घडी करून लुगड्यांच्या गाठोड्यात ठेवलं. त्या फडक्यात मी होतो. तीन दिवस आगगाडीचा प्रवास. खायला काही नाही, प्यायला थेंब नाही. आमच्यातले कितीतरी वाटेतच गेले. उरलो ते गुमान पडून राहिलो. पेशीला जगायला सतत शक्ती लागते, पण पार सुकली की तिची सगळी कामं थंडावतात आणि भूकही जवळजवळ थांबते. काशीत पोचल्यावर अंबिकाबाईनं ते फडकं कोमट दुधात सोडलं. पहिल्या दिवशी दूध नुसतं दाटलं. त्यातलंच घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग जे दही लागलं ना, सुरीनं कापावं असं! माहेरचं दही बघून ती पोर आधी हसली आणि मग खूप रडली. तेव्हापासून या घरात मी एक दिवसही खंडलो नाही.

आता मी करतो काय, ते ऐका. रोज दही खाणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. गुरुजींची मुलगी रुची विद्यापीठात जीवशास्त्र शिकते आणि परीक्षा आली की ओट्याशी बसून मोठमोठ्यानं पाठ करते. तिच्यामुळे मला माझीच गोष्ट कळली.

सुरुवात उन्हापासून होते. आमच्याकडे सूर्य गंगेच्या पलीकडून उगवतो. तो बघायला देशोदेशीचे लोक पहाटे होड्यांतून हिंडतात, फोटो काढतात. पण ऊन हाती लागतं ते पलीकडच्या शेतातल्या बरसीम नावाच्या चाऱ्याला! पानाच्या पेशींत हिरवे कण असतात. ते ऊन टिपतात आणि त्याच्या जोरावर पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची साखर करतात. झालं, ऊन साखरेत कोंडलं गेलं. त्याच साखरेपासून पान आपले धागे, देठ, सगळं बनवतं. तो चारा म्हैस खाते. तिच्या पोटात माझे लांबचे भाऊबंद तळ ठोकून बसलेले असतात, ते त्या चिवट धाग्यांचा फडशा पाडतात. मग त्यातलं थोडं ऊन म्हशीच्या अंगाची ऊब होतं, थोडं तिच्या चालण्यात जातं आणि थोडं दुधात उतरतं, साखर होऊन, साय होऊन. सायीत तर ते अगदी ठासून भरलेलं असतं.

सूर्य पकडणं मला येत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मला येतं ते कोंडलेलं ऊन सोडवणं. दुधातली साखर मी आत ओढून घेतो, तिचे दोन तुकडे करतो, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करतो. त्यातून शक्ती निघते. ती जपायची कशात? तर पेशीत एटीपी नावाचे इवलेसे कण असतात. तुम्ही आमच्या काशीतले टोटो पाहिलेत का, बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा? दिवसभर धावून बॅटरी उतरली की टोटोवाला ती चार्जिंगला लावतो. एटीपीचं तसंच आहे. त्याच्या शेपटीला फॉस्फेटचे तीन गट असतात. शेवटचा सुटला की शक्ती मोकळी होते आणि पेशीचं काम होतं. मग साखर मोडून मिळालेल्या शक्तीनं तो गट परत जोडायचा. पण टोटोची बॅटरी दिवसभर तरी टिकते. पेशीजवळचा एटीपी काही क्षणांतच संपतो! साखर, साय, पिठूळ कण असं काहीतरी साठवून ठेवता येतं, पण ही हातातली शक्ती साठवता येत नाही. ती सारखी करायची आणि सारखी खर्चायची. थांबला तो संपला.

साखर मोडून उरतं ते आंबट आम्ल. त्यानं दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दूध थिजतं. त्याला तुम्ही दही म्हणता आणि मिटक्या मारत खाता. म्हणजे तुम्ही चाटूनपुसून खाता ते माझं उरलंसुरलं! असो.

एकदा मात्र माझा चांगलाच पाणउतारा झाला. रुची पाठ करत होती, "ऑक्सिजनशिवाय साखर मोडणारे जिवाणू, एका ग्लुकोजमागे दोन एटीपी. माणसाची पेशी, ऑक्सिजन वापरून, सुमारे तीस." दोन! मला तर वाटत होतं की मीच मोठा खटपट्या. मग तिनं पुढचं वाक्य वाचलं आणि जिवात जीव आला. घाटाच्या पायऱ्या धावत चढताना तुमच्या पोटऱ्यांना ऑक्सिजन पुरेनासा झाला की तुमच्या पेशीही थोडा वेळ माझ्याच पद्धतीनं शक्ती काढतात. बघा! अडीनडीला म्हाताऱ्याचीच युक्ती कामाला येते.

तर असा मी, आणि माझी मालकीण अन्नपूर्णाबाई, म्हणजे गुरुजींची पत्नी. तिनं सासूला शब्द दिला होता की हे विरजण कधी मोडू देणार नाही आणि घराबाहेर जाऊ देणार नाही. त्या शब्दाला ती तीस वर्षं जागली. माझे लाड काय सांगू! थंडीत सटाला जुन्या शालीत गुंडाळायची, उन्हाळ्यात ओल्या फडक्यात ठेवायची. पण कुणी विरजण मागायला आलं की एकच उत्तर, "आमचं विरजण उंबरठ्याबाहेर जात नाही." ते ऐकून मी असा फुगायचो की विचारू नका.

आमच्याकडे दूध घालते ती गीता. बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत तिच्या दोन म्हशी आहेत. रोज सकाळी ती दारात उभी राहून दूध मापून देते, आत कधी येत नाही, कुणी ये म्हणतही नाही. गेल्या पावसाळ्यात तिच्या घरच्या दह्याला तार सुटली, वास यायला लागला. ती चाचरत म्हणाली, "चाची, एक चम्मच जोरन मिल जाता तो..." इथे विरजणाला जोरन म्हणतात.

अन्नपूर्णाबाईनं नेहमीचंच उत्तर दिलं. गीता "कोई बात नहीं" म्हणाली आणि खाली बघत निघून गेली.

रुचीला ते लागलं. आई देवघरात गेल्याबरोबर तिनं छोट्या स्टीलच्या डबीत माझा एक चमचा काढला आणि धावत जाऊन गीताला गल्लीच्या वळणावर गाठलं. मी इतका चिडलो म्हणता! एकशे दहा वर्षांचं घराणं, आणि त्याचा एक चमचा असा चोरून, दुसऱ्याच्या घरी, मातीच्या भांड्यात! पण बोलणार कुणाला?

जानेवारी आला. काशीचा कोहरा, म्हणजे धुकं, असं की समोरचा माणूस दिसत नाही. त्यातच पुण्याला अन्नपूर्णाबाईच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती बारा दिवसांसाठी निघाली. निघताना बॅग हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि गुरुजींना म्हणाली, "अहो, नीट ऐका. दूध फक्त कोमट हवं. करंगळी बुडवायची आणि दहा आकडे मोजायचे. बोट भाजलं तर थांबायचं. आणि दही वाढायच्या आधी वाटीभर विरजण बाजूला काढायचं. आधी वाटी, मग ताट. विसराल?"

"अगं, अख्खे वेद पाठ आहेत मला," गुरुजी म्हणाले. "दह्याचं काय घेऊन बसलीस!"

मला तेव्हाच धसका बसला.

तीन दिवस रुचीनं सगळं नीट केलं. चौथ्या दिवशी, रविवारी, ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली आणि संध्याकाळी विरजण लावायची पाळी गुरुजींवर आली. बोटं गारठलेली, बाहेर धुकं. गुरुजींनी विचार केला, एवढ्या थंडीत कोमट दुधाचं काय होणार? जरा कडकच असू दे, बिचाऱ्याला ऊब मिळेल. दयाळू माणूस हो! गारठलेल्या करंगळीनं दुधाला शिवल्यासारखं केलं, घाईघाईत दहा मोजले आणि वाफाळतं दूध माझ्यावर ओतलं. वर शाल, शालीवर रजई.

साखर मोडणारे आमच्या पेशीतले कारागीर म्हणजे प्रथिनंच. त्यांची एक ठरलेली घडी असते. फार कढत झालं की ती घडी विस्कटते आणि पुन्हा बसत नाही. पोटात साखर असते, चहूकडे दूध असतं, पण त्यातून शक्ती काढायला कुणी उरत नाही. सटातला मी तिथेच संपलो.

थांबा, थांबा. "मेलास तर मग बोलतोयस कोण?" असं विचारायला तुम्ही तोंड उघडलंच आहे. सांगतो. एवढा उतावीळपणा बरा नव्हे.

गुरुजींनी सटाच्या तळाला उरलेल्या दह्यावरच दूध ओतलं होतं; रुचीनं सकाळी बाजूला काढलेली विरजणाची वाटी फळीवर अजून तशीच होती. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण सोमवार उजाडला. सोमवारी गुरुजी घरच्या महादेवाला पंचामृताचा अभिषेक करतात. दही हवं होतं. फळीवर झाकलेली वाटी दिसली. आता याज्ञिकाच्या घरची रीत अशी, की कुणी जेवायच्या आधी, न उष्टावता जे बाजूला काढून ठेवतात ते देवाचं. उभा जन्म त्यांनी हेच पाहिलेलं. 'रुचीनं पूजेची वाटी काढून ठेवली, गुणाची पोर,' असं म्हणत त्यांनी ती अख्खी वाटी मध, साखर, दूध, तुपात कालवली आणि मंत्र म्हणत महादेवाच्या मस्तकावर वाहिली. देवाच्या डोक्यावर जायला मिळालं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण परत यायची सोय बघायची ना! उरलेलं तीर्थ शेजारच्या पोरांनी ओंजळी भरभरून पिऊन टाकलं आणि वाटी विसळलेलं पाणी तुळशीत गेलं.

दुपारी रुचीनं सट उघडला. आत दुधाचं दूध.

"बाबा, हे जमलंच नाही!"

"मग वाटीतलं घे की."

"वाटी कुठाय?"

गुरुजींनी देवघराकडे पाहिलं. रुचीनंही पाहिलं.

"अगं, मला काय माहीत!" गुरुजींचा आवाज अगदी बारीक झाला. "चौकातून दही आणू या का? तिला काय कळणार?"

"आईला? आईला डोळे बांधून कळेल, बाबा." रुचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार पिढ्यांचं आहे हो ते. आजीला शब्द दिलाय तिनं. आता काय तोंड दाखवायचं तिला?"

गुरुजी पाटावर बसले. वेद पाठ असलेला माणूस, पण त्याला एक वाटी ओळखता आली नव्हती. मग रुचीनं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "बाबा, एक गोष्ट सांगू? गुस्सा नका होऊ."

हे सगळं मी रुचीच्याच तोंडून ऐकलं, गीताच्या अंगणात. होय मित्रांनो, कारण मी तिथे होतो! तोच तो चोरून नेलेला चमचा. पहिले दोन दिवस मी मातीच्या भांड्यात रुसून बसलो होतो. पण मातीनं जास्तीचं पाणी शोषून घेतलं, दूध म्हशीचं आणि ताजं, आणि मी असा काही लागलो की गीताची पोरं बोटं चाटत राहिली. गीतानं मला कोंडूनही ठेवलं नाही. शेजारचा टोटोवाला घेऊन गेला, एक नाववाला घेऊन गेला, त्याच्या बहिणीनं घाटापलीकडे नेलं. पाच-सहा घरांत मी नांदत होतो आणि ब्रह्मा घाटावर कुणाला पत्ता नव्हता.

रुची आली तेव्हा गीता म्हशीपुढे बरसीम टाकत होती. रुचीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. गीता चारा टाकत राहिली. चारा टाकून झाला, हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, "चाची ने तो हमको मना कर दिया था।"

"हाँ, गीता भौजी."

माझा जीव टांगणीला लागला. म्हणाली असती 'माझंही उंबरठ्याबाहेर जात नाही', तर तिचं काय चुकलं असतं? मी तरी आजवर दुसरं काय ऐकून खूश होत होतो? खरं सांगतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

आणि गीता खळखळून हसली. "अरे बिटिया, जोरन भी कोई रोकने की चीज है? तुम्हारे ही घर का है, ले जाओ." तिनं छोटं मातीचं भांडं काठोकाठ भरलं आणि गारठा लागू नये म्हणून स्वतःच्या शालीत गुंडाळून रुचीच्या हातात दिलं.

असा मी घरी आलो. गुरुजींनी दूध कोमट केलं आणि करंगळी बुडवून दहा मोजले. मग शंका नको म्हणून पुन्हा दहा मोजले.

बाराव्या दिवशी अन्नपूर्णाबाई परतली. पाय धुतले आणि सरळ फळीपाशी आली. बापलेकींनी श्वास रोखून धरले. तिनं चमचाभर दही तोंडात घातलं, डोळे मिटले. "आमचंच आहे," ती म्हणाली. गुरुजींनी श्वास सोडला. "पण याला मातीचा वास कसा?"

झालं! गुरुजींना खोटं बोलणं जमत नाही. कढत दूध, वाटी, महादेव, स्टीलची डबी, गीता, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. रुची म्हणाली, "आई, मी तेव्हा चोरून दिलं. मला बोल, बाबांना नको."

अन्नपूर्णाबाई ओट्याला टेकून खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "सासूबाईंना शब्द दिला होता, बाहेर जाऊ देणार नाही म्हणून," ती म्हणाली. "आणि बाहेर गेलं म्हणूनच राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गीता दूध घेऊन आली. दारात उभी राहून तिनं माप काढलं आणि सहज विचारलं, "चाची, जोरन ठीक जमा न?"

"अंदर आओ, गीता," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

गीता उंबरठ्यावर घुटमळली. अन्नपूर्णाबाईनं तिचा हात धरून तिला आत घेतलं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि वाटीभर दही साखर घालून समोर ठेवलं. मग दुसरी वाटी भरून तिच्या हातात दिली. "यह घर ले जाओ. मेरा बिगड़ेगा तो तुमसे लूँगी. तुम्हारा बिगड़े तो मैं हूँ न."

"चाची, हमारे पास तो है!" गीता हसत म्हणाली.

"है, मालूम है," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "पर वह रुची का दिया है. यह मेरा दिया रखो."

गीतानं ती वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी त्याच वाटीत होतो, मित्रांनो, आणि या वेळी उंबरठ्याबाहेर जाताना रुसलो नाही, नुसता आनंदलो.

आता रोज सकाळी अन्नपूर्णाबाई दोन वाट्या काढते. एक घरची आणि एक जो मागेल त्याची. रुची पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाणार आहे. तिच्यासाठी दोरीवर एक पांढरं फडकं आत्ताच धुऊन ठेवलंय. म्हणजे एकशे दहा वर्षांनी मी माहेरच्या मुलखात निघालो! फक्त आमच्या गल्लीतल्या माकडांनी ते फडकं पळवलं नाही म्हणजे मिळवली.

माझं एवढंच मागणं आहे. मला नुसतं जपून ठेवलंत तर मी माझ्याच आंबटपणात गुदमरतो. मला रोज थोडं ताजं दूध लागतं. दूध गार नको, कढत नको. करंगळी बुडवा, दहा मोजा, आणि कंटाळा करू नका. आणि कुणी दारात येऊन चमचाभर मागितलं, तर आधी त्याला आत बोलवा.